हिरवळीचा अंमल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पाणी देऊन वाढविल्या जाणाऱ्या पिकांपैकी ज्याने सर्वाधिक जमीन व्यापली आहे, ते पीक कोणाच्या पोटात जात नाही आणि कधी खळ्यावरही येत नाही. ते पीक म्हणजे घरांपुढील, उद्यानांतील आणि गोल्फच्या मैदानांवरील हिरवळ होय. क्रिस्टिना मिलेसी या संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांवरून आणि विमानांतून घेतलेल्या चित्रांच्या आधारे २००५ साली जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार या हिरवळीचे क्षेत्र सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्र राज्याच्या निम्म्याहून अधिक भरते. ओलिताखालील मक्याचे त्या देशातील क्षेत्र याच्या साधारण एक-तृतीयांश आहे. एवढी भूमी एखाद्या बादशहाने फर्मान काढून गवताखाली आणली असती, तर त्याची नोंद प्रत्येक इतिहासग्रंथात झाली असती. परंतु ती आणली लक्षावधी सामान्य गृहस्थांनी, आपापल्या पाव-अर्धा एकराच्या मिळकतीत, आपापल्या सुटीच्या दिवशी, आणि म्हणूनच त्यामागे किती अटी, किती करार आणि किती रसायने उभी आहेत याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

या गवताचे माहेर पाहावयाचे तर इंग्लंडात जावे लागते. अठराव्या शतकात लॅन्सलॉट ब्राउन या उद्यानशिल्प्याने इंग्रज सरदारांच्या वाड्यांभोवतालचे जुने, भूमितीच्या आकृत्यांसारखे आखलेले बगीचे मोडून त्या जागी वाड्याच्या पायथ्यापासून क्षितिजापर्यंत मंद उतरत जाणारी कुरणे, अधूनमधून वृक्षांचे पुंजके आणि संथ जलाशय अशी रचना रूढ केली, तेव्हा ती कुरणे आखूड ठेवण्याचे काम मेंढ्या करीत आणि वाड्यालगतचा भाग मजूर पहाटेच्या दवात लांब दांड्याच्या विळ्यांनी कापीत. ज्या जमिनीत धान्य पिकले असते ती केवळ दृष्टिसुखासाठी मोकळी ठेवणे आणि त्यासाठी मजुरांचा ताफा बाळगणे ज्याला परवडते तो श्रीमंत, असा त्या हिरवळीचा अर्थ पाहणाऱ्याला न सांगता कळत असे. पुढे १८३० साली ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. स्ट्राउडच्या परिसरातील कापडाच्या गिरण्यांत विणलेल्या लोकरी कापडावरील लव समपातळीत छाटण्यासाठी फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत असत. तीच योजना त्याने जमिनीवर आणली. त्या यंत्राने सरदाराची हिरवळ मध्यम स्थितीतील माणसाच्या आवाक्यात आली, आणि तेथून पुढचा सारा इतिहास शक्य झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्लंडची हवा सौम्य व ओलसर असल्याने तेथे गवत फारशा आर्जवाशिवाय हिरवे राहते. अमेरिकेचा उन्हाळा तसा नाही आणि हिवाळाही तसा नाही. अमेरिकेच्या उत्तर भागातील हिरवळीत प्राधान्याने वाढणारे 'केंटकी ब्लूग्रास' हे गवत नावाने केंटकीचे असले तरी मूळचे युरोपातील आहे. कडक उन्हाळा लागला की ते आपल्या स्वभावधर्मानुसार निद्रिस्त होऊन पिवळे पडू पाहते, आणि त्याला तसे पडू न देण्यासाठीच नळाच्या पाण्याचा मारा करावा लागतो. दक्षिणेकडील उष्ण संस्थानांत जे गवत 'बर्म्युडा' म्हणून लावतात ते तर आपली हरळीच आहे. ज्या हरळीच्या काशा शेतातून काढून टाकण्यासाठी देशावरचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खोल नांगरट करीत आला आणि जिच्या दूर्वा त्याच्याच घरात गणपतीला वाहिल्या गेल्या, तिचेच संकर जॉर्जियातील टिफ्टन येथील संशोधनकेंद्रात विसाव्या शतकात तयार करण्यात आले आणि ते आज तेथील क्रीडांगणांवर व घरांपुढे गालिच्यासारखे अंथरलेले आढळतात.

इंग्लंडातील सरदारी हिरवळ अमेरिकेतील नागरिकाच्या दारात आणण्याचे श्रेय दोघा-तिघा ग्रंथकारांना व शिल्पज्ञांना द्यावे लागते. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग याने १८४१ साली उद्यानरचनेवर लिहिलेल्या ग्रंथाने ही अभिरुची तेथे रुजविली. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड याने १८६९ च्या सुमारास शिकागोजवळ रिव्हरसाइड हे उपनगर आखले, तेव्हा प्रत्येक घर रस्त्यापासून तीस फूट मागे असले पाहिजे आणि मधल्या जागेत वृक्ष असले पाहिजेत असा दंडक घातला. त्यामुळे सर्वांच्या पुढच्या अंगणांचे मिळून एक अखंड उपवन व्हावे ही त्याची कल्पना होती. १८७० साली फ्रँक स्कॉट या लेखकाने उपनगरातील घरांभोवतालची जागा सुशोभित करण्यावर ग्रंथ लिहिला आणि त्यात, आपल्या अंगणाची शोभा कुंपण घालून शेजाऱ्याच्या दृष्टीआड करणे हे ख्रिस्ती धर्माला न शोभणारे कृत्य आहे, असे मत मांडले. या विचारात एक खरीखुरी उदारता होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु त्याचबरोबर घरापुढील जमीन ही घरात राहणाऱ्यांची न राहता रस्त्याने जाणाऱ्याच्या दृष्टीची मालमत्ता झाली, आणि एकदा तशी झाल्यावर ती कशी ठेवावी याचा हुकूम शेजाऱ्याने करावा हे ओघानेच आले. ओल्मस्टेडच्या मनात वृक्षांच्या छायेतील गवत होते. त्याच्या मागून आलेल्या स्वस्त वसाहतींनी त्याच्या योजनेतून गवत तेवढे उचलले आणि वृक्षाला शोभेपुरते स्थान दिले.

या रिवाजाला कराराचे रूप कसे आले याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लेव्हिटटाउन. दुसरे महायुद्ध संपल्यावर घरी परतलेल्या सैनिकांसाठी लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतजमिनीवर १९४७ पासून लेव्हिट बंधूंच्या कंपनीने एका साच्याची घरे बांधण्यास प्रारंभ केला आणि १९५१ पर्यंत तेथे सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. बंधूंचे वडील अब्राहम लेव्हिट यांना बागबगीच्याची मनापासून आवड होती. त्यांनी प्रत्येक घराला फळझाडे दिली हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण घराच्या दस्तऐवजातील अटींत असेही लिहिलेले होते की १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर या मुदतीत हिरवळ आठवड्यातून निदान एकदा कापली गेलीच पाहिजे, आणि कुंपण घालता येणार नाही. त्याच वसाहतीच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्या वंशाबाहेरील कोणालाही तेथे राहू देऊ नये अशीही अट होती. एकाच कागदावर या दोन अटी शेजारी-शेजारी नांदत होत्या, ही वस्तुस्थिती मला अत्यंत अस्वस्थ करणारी वाटते. कारण गवताच्या समान उंचीचा आग्रह आणि शेजाऱ्याच्या वर्णाच्या समानतेचा आग्रह हे दोन्ही एकाच भयातून, म्हणजे आपल्या मिळकतीचा भाव खाली येईल या भयातून जन्मले होते.

आता गवताच्या अंगचा गुण पाहू. गवताचा वाढीचा बिंदू पात्याच्या टोकाशी नसतो; तो बुडाशी, मातीलगत असतो, म्हणून जनावराने चरले किंवा यंत्राने छाटले तरी पाते पुन्हा वर येते. कोट्यवधी वर्षे चरणाऱ्या प्राण्यांच्या सहवासात या कुळाने मिळविलेली ही शक्ती आहे आणि तिच्याचमुळे तुडविले जाणे गवताइतके फार थोड्या वनस्पतींना सहन होते. मुलांना खेळण्यासाठी, चटई टाकून बसण्यासाठी, अनवाणी चालण्यासाठी गवताला पर्याय नाही, हे त्याच्या कडव्या विरोधकांनीही विसरू नये. अडचण उत्पन्न होते ती जेथे कोणी खेळत नाही, बसत नाही आणि कापणारा माणूस सोडल्यास कोणी पाऊलही टाकीत नाही, अशा जागी. फुलोऱ्यावर येण्यापूर्वीच दर आठवड्याला छाटले जाणारे गवत सतत कोवळे राहते, सतत नत्र मागते. आणि छाटलेली पाती पोत्यांत भरून बाहेर काढली की जमिनीला परत काहीच मिळत नाही.

पूर्वी हे नत्र पुरविण्याची सोय हिरवळीतच होती. हिरवळीसाठी विकल्या जाणाऱ्या बियाण्यात पांढऱ्या क्लोव्हरचे बी मिसळलेले असे. मेथीच्या कुळातील ही बुटकी वनस्पती आपल्या मुळांवरील गाठींतील जंतूंच्या साहाय्याने हवेतील नत्र जमिनीत आणते, दुष्काळात गवतापेक्षा अधिक काळ हिरवी राहते आणि मधमाश्यांना मध देते. दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास 'टू-फोर-डी' हे तणनाशक बाजारात आले. ते रुंद पानांच्या वनस्पतींना मारते आणि गवताला सोडते. म्हणून डँडेलियनसारखे रुंद पानांचे तण मारावयास निघालेल्या या औषधाने क्लोव्हरही मेले. औषध विकणाऱ्यांना क्लोव्हर वाचविण्याचा मार्ग सापडला नाही, तेव्हा क्लोव्हर हेच तण आहे असे लोकांना हळूहळू सांगितले गेले, आणि जे नत्र फुकट मिळत होते ते खताच्या पोत्यातून विकत घेणे प्राप्त झाले. एका पिढीच्या अवधीत उपयुक्त वनस्पती गुन्हेगारांच्या यादीत जावी, आणि कोणालाही त्यात काही विपरीत वाटू नये, याहून रूढीच्या सामर्थ्याचा दुसरा पुरावा कशाला हवा?

भूमीच्या पोटात काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. नवी वसाहत उभारताना बांधकामाची अवजड यंत्रे वरची सुपीक माती खरवडून काढतात व खालची दाबून टणक करतात, आणि त्यावर गवताचे तयार गुंडाळे उलगडून अंथरले जातात. या गवताची मुळे बहुतांशी वरच्या काही इंचांतच राहतात. याच भूमीवर, विशेषतः इलिनॉय, आयोवा, नेब्रास्का या संस्थानांत, पूर्वी 'प्रेअरी' या नावाने ओळखले जाणारे उंच गवताचे व रानफुलांचे प्रदेश होते. नेब्रास्काचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन वीव्हर यांनी खोल चर खणून, माती हळुवार काढून या वनस्पतींच्या मुळांची चित्रे रेखाटली. त्यांत सहा-सात फूट आणि काही वनस्पतींत त्याहूनही खोल गेलेली मुळांची जाळी दिसतात. अशी जमीन पावसाचे पाणी पिऊन घेते. दाबलेल्या मातीवरील हिरवळीवरून त्यातला बराच भाग खत आणि औषध बरोबर घेऊन गटारात वाहून जातो. इलिनॉय संस्थानात दोन कोटींहून अधिक एकरांवर ही प्रेअरी पसरलेली होती. आज तिचे अस्पर्श असे अवघे अडीच हजार एकरांच्या आसपास उरले आहेत, तेही रेल्वेमार्गांच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत, जेथे नांगर पोहोचला नाही.

मग गवत काढून झाडे लावली की कार्यभाग साधला, असे म्हणता येईल काय? तसेही म्हणता येत नाही, आणि याचे उत्तर अमेरिकेला एल्म वृक्षाने दिले. पूर्वेकडील व मध्यभागातील गावोगावच्या रस्त्यांवर दुतर्फा हा एकच वृक्ष लावलेला होता व त्याच्या कमानींचा लोकांना रास्त अभिमान होता. १९३० च्या सुमारास युरोपातून आणलेल्या लाकडाच्या ओंडक्यांबरोबर बुरशीचा एक रोग आला, आणि भुंगेऱ्यांनी तो झाडांवरून झाडांवर नेला; झाडे एकाच जातीची, शेजारी-शेजारी आणि मुळांना मुळे भिडलेली असल्याने रोगाला कोठे अडावे लागले नाही. ते वृक्ष वाचविण्यासाठी डीडीटी फवारण्यात आले. मिशिगन संस्थानातील ईस्ट लान्सिंग येथील विद्यापीठाच्या आवारात १९५४ पासून फवारणी सुरू झाली, आणि पुढील वसंतांत रॉबिन पक्षी तडफडून मरताना आढळू लागले. फवारलेली पाने शरदात गळून पडली, ती गांडुळांनी खाल्ली, वसंतात हिरवळीवर उतरलेल्या रॉबिनांनी ती गांडुळे खाल्ली. लेखिका रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात ही साखळी उलगडून दाखविली आणि अकरा मोठी गांडुळे एका रॉबिनला मारण्यास पुरेशी आहेत असे नमूद केले. एवढी गांडुळे तर तो पक्षी काही मिनिटांत टिपतो.

तेव्हा झाड कोणते, हा प्रश्न झाड आहे की नाही या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. डेलावेअर विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. वनस्पती आपल्या पानांत निरनिराळी कडू-विषारी द्रव्ये साठवून स्वतःचे रक्षण करतात, आणि पाने खाणारे बहुतेक कीटक काही ठराविक कुळांचीच विषे पचविण्यास युगानुयुगांच्या सहवासाने शिकलेले असतात. म्हणून परक्या देशातून आणलेले झाड त्या कीटकांच्या लेखी अन्नच नसते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या मध्यभागात ओक वृक्षांवर पतंग व फुलपाखरे यांच्या पाचशेहून अधिक जातींच्या अळ्या पोसल्या जातात. चीनमधून आणलेल्या गिंकोवर त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच जातींच्या आढळतात. बागवानाला गिंको निष्कलंक वाटतो तो याच कारणाने. परंतु चिकडी नावाचा, आपल्या चिमणीहूनही लहान असा पक्षी आपली पिल्ले दाण्यांवर वाढवीत नाही, अळ्यांवर वाढवतो. एका विणीतील पिल्ले घरट्यातून उडेपर्यंत आईबापांना सहा ते नऊ हजार अळ्या आणाव्या लागतात, आणि त्याही घरट्याच्या जवळपासच्या झाडांवरून. टॅलमी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन नगराच्या परिसरातील घरांच्या आवारांत केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, ज्या आवारातील देशी वनस्पतींचे प्रमाण शेकडा सत्तरच्या खाली जाते तेथे या पक्ष्यांची संख्या टिकून राहू शकत नाही. दाणे घालण्यासाठी अंगणात टांगलेली पेटी कितीही भरलेली असो, ती या कामी उपयोगी पडत नाही.

न्यू जर्सीत अनेक मराठी कुटुंबे आता दुसऱ्या पिढीत नांदत आहेत. तेथील एका परिचित कुटुंबाच्या परसात, गॅरेजच्या भिंतीलगत, गृहिणीने 'मिल्कवीड' मुद्दाम लावलेले मी पाहिले. रुईच्याच कुळातली ही वनस्पती. पान खुडले की तसाच पांढरा चीक वाहतो. पिवळ्या, काळ्या व पांढऱ्या पट्ट्यांची मोनार्क फुलपाखराची अळी पानाच्या खालच्या अंगाला उलटी लटकून प्रथम मधली शीर कुरतडीत होती. चिकाचा थेंब तेथे जमला, वाहिला आणि थांबला. शिरेच्या पुढचा पानाचा भाग मलूल होऊन खाली वाकला, आणि मगच अळीने कडेकडेने त्या चीकरहित भागाचे अर्धगोल तुकडे पाडण्यास सुरुवात केली. आपल्या माळरानावर रुईवर वाढणारे तांबूस फुलपाखरू याच प्रजातिसमूहातले आहे. त्या बाईंनी मला सांगितले की, "हे तण काढून टाका म्हणून शेजारच्या आजोबांनी दोनदा सुचवले, मग मीच त्यांना ही अळी नेऊन दाखवली."

सुचविण्यावर सर्वत्र भागत नाही. बहुतेक गावांत गवताची व तणाची उंची आठ, दहा किंवा बारा इंचांहून अधिक होऊ देऊ नये असे नगरपालिकेचे नियम असतात. त्यांखाली नोटीस येते, दंड होतो, आणि तरीही मालक ऐकला नाही तर नगरपालिकेची माणसे यंत्र घेऊन येतात व कापणीचा खर्च मालकाच्या कराच्या बिलात चढवतात. विस्कॉन्सिनमधील बेसाइड या उपनगरात लॉरी ऑटो या बाईंनी आपल्या आवारातील हिरवळ जाऊ देऊन तेथे नेचे व रानफुले वाढविली होती, ती गावच्या कामगारांनी कापून टाकली. या बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. डीडीटीविरुद्ध विस्कॉन्सिनात झालेल्या लढ्यात त्या अग्रभागी होत्या, आणि १९७० साली त्या संस्थानाने डीडीटीवर बंदी घातली. नंतर त्यांच्या व्याख्यानांतून प्रेरणा घेऊन १९७९ साली मिलवॉकीत देशी वनस्पती लावणाऱ्यांची 'वाइल्ड वन्स' ही संघटना जन्माला आली. २०२१ साली मेरिलँड संस्थानाने कायदा करून, वसाहतींचे नियम ठरविणाऱ्या घरमालकांच्या संघांना कमी पाण्यावर वाढणारी, देशी व परागवाहकांना उपयुक्त अशी लागवड सरसकट नाकारण्यास मनाई केली. त्याच वर्षी नेवाडा संस्थानाने, लास व्हेगासच्या परिसरात कोलोरॅडो नदीचे पाणी निरुपयोगी हिरवळीला २०२७ पासून देता येणार नाही, असे ठरविले. यात कचेऱ्यांपुढील, रस्त्यांच्या दुभाजकांवरील व वसाहतींच्या प्रवेशद्वारांवरील हिरवळ येते, स्वतंत्र घरांची येत नाही. पहिला कायदा मला अधिक मोलाचा वाटतो. पाणी आटल्यावर गवत काढणे ही निकडीची गोष्ट झाली. पाणी असतानाही ज्याला ते नको आहे त्याचा हक्क मान्य करणे ही न्यायाची गोष्ट आहे.

ज्यांना आपल्या आवारात हा पालट करावयाचा आहे त्यांनी सर्व गवत एकाच हंगामात उखडू नये. मुलांच्या खेळापुरते आणि येण्याजाण्याच्या वाटेपुरते राहू द्यावे, व रानफुलांच्या वाफ्याच्या कडेने हात-दोन हात रुंद पट्टा नीट कापलेला ठेवावा. जोन नासाउअर या उद्यानशिल्पज्ञ बाईंनी १९९५ साली दाखवून दिले की अशी रेखीव कड दिसली म्हणजे आतील दाट वाढ ही हेळसांड नसून मालकाने बुद्ध्या राखलेली आहे हे पाहणाऱ्याला उमगते, आणि तक्रारीचे मूळच नाहीसे होते. शरदात ओकखाली पडलेला पालापाचोळा कागदी पोत्यांत भरून रस्त्यावर ठेवण्याची प्रथा मात्र पहिल्याच वर्षी सोडावी. झाडावर वाढलेल्या बहुसंख्य अळ्या खाली उतरून याच पाचोळ्यात किंवा भुसभुशीत मातीत कोश करतात, आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत कापलेली हिरवळ व टणक भूमी असेल तर त्यांना जागाच उरत नाही. फांद्या पसरतात तेवढ्या घेरात गवताऐवजी सावलीत वाढणारे नेचे व फुलझाडे लावली तर यंत्र तेथे न्यावेच लागत नाही. पानगळीचा वृक्ष घराच्या पश्चिमेस असला तर उन्हाळ्यातील तिसऱ्या प्रहराचे ऊन भिंतीवर येत नाही आणि हिवाळ्यात निष्पर्ण झाल्यावर तो उजेड फारसा अडवीत नाही. रोपवाटिकेतून बारा-पंधरा फुटांचे, मुळे छाटून गोणपाटात बांधलेले झाड भारी किमतीला विकत आणण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्यापेक्षा हात-दीड हाताचे रोप किंवा शरदात वेचलेले ओकचे फळ लावणे सर्वथा श्रेयस्कर, कारण त्याचे सोटमूळ प्रथमपासून अखंड खाली जाते, मोठ्या झाडाची पहिली काही वर्षे गमावलेली मुळे पुन्हा धरण्यातच जातात, आणि काही वर्षांतच लहान रोप त्याला गाठते. कोवळ्या रोपाभोवती ससे व हरणे यांच्यासाठी तारेची जाळी तेवढी लावावी लागते.